कॅप्टनचा उजवा गुडघा

नवऱ्याची नोकरी गेली त्याच आठवड्यात आमच्या क्लिनिकला त्या फुटबॉल संघाचं काम मिळालं.

शारजात, रोल्ला भागाच्या गजबजाटात, एका सोनाराच्या दुकानावर आमचं क्लिनिक होतं. मी तिथे फिजिओथेरपिस्ट. पुण्यात शिकले, लग्न करून नवऱ्यामागून इकडे आले आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर कामाला लागले. माझ्याकडे येणारे पेशंट म्हणजे पाठ धरलेले क्लार्क, मान आखडलेले ड्रायव्हर आणि नातवंडं सांभाळायला आलेल्या, गुडघे दुखणाऱ्या आज्या. खेळाडू म्हणावा असा एकच होता, शुक्रवारी क्रिकेट खेळून दर महिन्याला खांदा दुखवून घेणारा एक बँकवाला.

नवरा कन्स्ट्रक्शन कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर होता. मंदी आली हे मला पेपरातून कळलं नाही, त्याच्या बोलण्यातून कळलं. आधी तो म्हणायचा, "प्रोजेक्ट जरा स्लो झालंय." मग म्हणायला लागला, "होल्डवर आहे." एका रविवारी दुपारी त्याने क्लिनिकमध्ये फोन केला आणि म्हणाला, "खलास."

मी एका पेशंटच्या कमरेवर मशीन फिरवत होते. म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे मी, आणि आमच्या मजल्यावरचे जवळजवळ सगळे. व्हिसा कॅन्सल करतायत. त्यानंतर तीस दिवस."

तिथे राहणाऱ्या कोणालाही हे तीस दिवस समजावून सांगावे लागत नाहीत. बाकीच्यांसाठी सांगते. नवऱ्याचा व्हिसा त्याच्या कंपनीचा होता आणि मुलीचा नवऱ्याच्या आधाराने होता. नोकरी गेली की तीस दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बॅगा भरायच्या. त्या हिवाळ्यात दुसरी नोकरी कोणी देत नव्हतं. आमच्या बिल्डिंगमधली तीन मराठी कुटुंबं तोवर गेली होती, त्यातलं एक तर मुलांची परीक्षा मध्येच सोडून. आम्हाला एकच वाट दिसत होती. माझा व्हिसा क्लिनिकचा, स्वतंत्र होता, आणि मी वैद्यकीय कामात असल्यामुळे नवऱ्याला आणि मुलीला माझ्या व्हिसावर घेता आलं असतं. त्यासाठी मुख्य कागद लागायचा तो क्लिनिकच्या मालकांचं सहीशिक्क्याचं पत्र: ही बाई आमच्याकडे कायम नोकरीत आहे आणि पुढेही राहणार आहे.

मालक स्वतः डॉक्टर होते. भारतातलेच, पण वीसेक वर्षं तिथे मुरलेले. माझ्याशी हिंदीत बोलायचे आणि कायम 'मॅडम' म्हणायचे. मी पत्राचं विचारलं तेव्हा म्हणाले, "मिल जाएगा मॅडम, इन्शाल्ला. पहले ये टीम का काम देख लीजिए."

'इन्शाल्ला'चे तिथे दोन अर्थ असतात, एक 'नक्की' आणि दुसरा 'विसरून जा'. मालकांनी म्हटलेला कोणता, हे मला ओळखता आलं नाही.

काम असं होतं. युरोपातल्या एका छोट्या देशाचा महिला संघ थंडीत सरावासाठी आला होता. देशाचं नाव मी लिहीत नाही. सगळा देश मिळून माणसं किती, तर आपल्या एखाद्या जिल्ह्याच्या शहरात असतील तेवढी. मंदीने त्यांच्याकडेही सगळं झोडपून काढलं होतं. हा दौरा आधीच ठरला होता, हॉटेल पैसे परत करायला तयार नव्हतं, म्हणून त्या आल्या. पण त्यांच्या संघटनेने खर्च कापता कापता त्यांच्या स्वतःच्या फिजिओला घरी ठेवलं होतं. बाई फिजिओ हवी होती आणि आमच्या क्लिनिकमध्ये बाई मी एकटीच होते.

"ये लोग खुश होके गए तो एजंट अगले साल चार टीमें भेजेगा," मालक म्हणाले. क्लिनिकची बाकं तेव्हा निम्मी रिकामी असायची. पेशंटच देश सोडून जात होते.

पहिल्या दिवशी अजमानच्या समुद्रावरच्या त्यांच्या हॉटेलात गेले तेव्हा मनात टीव्हीवरचे खेळाडू होते. प्रत्यक्षात जेवणाच्या हॉलमध्ये वीस-बावीस मुली आणि बायका आपापल्या प्लेटा उचलून ठेवत होत्या. एक नर्स होती, एक बालवाडीत शिकवायची, एक पहाटे बेकरीत पाव भाजायची, चार-पाच कॉलेजात होत्या. सगळ्यांनी बिनपगारी रजा काढली होती. त्यांच्या जर्सीवर आधीच्या खेळाडूंची नावं होती, ती उसवून काढल्याच्या खुणा पाठीवर दिसायच्या. मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. आपल्यासारखीच माणसं आहेत, असं वाटलं.

कॅप्टन एकतीस वर्षांची होती. गावात पोस्टमन होती. पोस्टवुमन म्हणायला हवं, पण ती स्वतः पोस्टमनच म्हणायची. सकाळी खांद्याला पिशवी लावून चार तास चालायची. तिच्या वाटेवरची शेवटची घरं चढावर होती आणि बर्फ पडला की तिथे सायकलही जात नसे. वडील नव्हते, आई आजारी होती, घर तिच्या पगारावर चालायचं. हे सगळं तिने मला पहिल्या तीन दिवसांत सांगितलं. टेबलावर पालथं झोपलेलं माणूस बोलायला लागतं, हा माझ्या धंद्यातला अनुभव. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच शाळेत शिकलेलं होतं, त्यामुळे आमचं छान जमायचं. दोघीही सावकाश बोलायचो.

"तुझे हात गरम आहेत," ती म्हणायची. "आमच्याकडच्या फिजिओचे बर्फासारखे असतात."

एक दिवस मी डब्यात थालीपीठ नेलं होतं. तिने अर्धं खाल्लं, बोटं चाटली आणि बाकीच्या मुलींना बोलावून उरलेलं वाटून टाकलं. मला त्या दिवशी जेवायला काही राहिलं नाही. मी ते घरी कौतुकाने सांगितलं.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेतून आली की पहिला प्रश्न, "आई, डिड शी स्कोर टुडे?" नवरा घरीच असायचा. तो लॅपटॉपवर अर्ज करत बसायचा आणि मधूनच विचारायचा, "पत्राचं काही बोलले का?" मी म्हणायचे, उद्या विचारते.

सातव्या दिवशी सरावात कॅप्टनचा उजवा पाय वळला. मैदान शारजाच्या औद्योगिक भागाला लागून होतं, कुंपणापलीकडे गोदामं. ती स्वतःच उठली, चार पावलं चालली, हसली आणि बाहेर येऊन बसली. संध्याकाळपर्यंत गुडघा सुजला होता. वाटी दाबली की खाली पाणी डुचमळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो नीट तपासला. गुडघ्याच्या आत एक लिगामेंट असतं, नडगीचं हाड पुढे घसरू नये म्हणून ते धरून ठेवणारं. ते शाबूत आहे की नाही हे बघायची रीत सोपी आहे. गुडघा थोडा वाकवायचा, एका हाताने मांडी धरायची, दुसऱ्याने पोटरी पुढे ओढायची. बऱ्या गुडघ्यात हाड थोडं सरकतं आणि कुठेतरी टक्कन थांबतं. तिचं थांबत नव्हतं. मी डाव्या पायाला करून पाहिलं, परत उजव्याला केलं. नरम, काही अडवणारंच नाही असं. अशा वेळी हाताला शंका राहत नाही. शिकत असताना आमच्या बाईंनी एकदा असाच एक गुडघा हातात दिला होता आणि म्हणाल्या होत्या, हे एकदा कळलं की विसरता येत नाही.

तीन दिवसांनी सामना होता. एका मोठ्या देशाचा संघही तिकडेच सरावाला आला होता, त्यांच्याशी. सामना मैत्रीपूर्ण, पण यांच्यासाठी त्याचं वजन फार होतं. त्यांच्या संघटनेत बोलणं चाललं होतं की पैसे नाहीत तर महिला संघ यंदाच्या पात्रता फेरीतून काढूनच घ्यावा. मोठ्या फरकाने हरल्या तर निर्णय सोपा होणार होता. प्रशिक्षक पन्नाशीचा, सभ्य माणूस होता. मला म्हणाला, "ती नसेल तर दहा गोल होतील. मला तिची फक्त साठ मिनिटं हवीत. पण तू नाही म्हणालीस तर नाही."

तू नाही म्हणालीस तर नाही. हे त्याने स्पष्ट म्हटलं होतं.

मी म्हटलं, आधी एमआरआय करायला हवा. तो म्हणाला, क्लिनिकशी बोलून घे. मी त्याच दुपारी मालकांकडे गेले.

"एमआरआय बाराशे दिरहॅम," मालक म्हणाले. मग आपल्या सगळ्यांची सवय तशी त्यांनी रुपयांतही सांगितलं, "सोळा हजार रुपया. कौन देगा? वो लोग? उनके पास पानी की बोतल का पैसा नहीं है."

"सर, लिगामेंट गया है उसका. मैंने हाथ से देखा है."

"हाथ से!" ते हसले. रागावले नव्हते. "मॅडम, हाथ एमआरआय है क्या? सूजन में सब ढीला लगता है. आप लिखिए, माइल्ड स्प्रेन, फिट टू प्ले विथ स्ट्रॅपिंग. तीन दिन की बात है. फिर वो जाने, उसका देश जाने."

त्यांनी ड्रॉवर उघडला आणि एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. माझं पत्र होतं. क्लिनिकच्या लेटरहेडवर टाइप केलेलं, माझं नाव, पासपोर्ट नंबर, सगळं. खाली सहीची जागा रिकामी होती.

"टाइप करके रखा है," ते म्हणाले. "शाम को साइन करता हूँ."

दोन्ही गोष्टींचा संबंध त्यांनी एका शब्दानेही जोडला नाही. धमकी दिली नाही, आवाज चढवला नाही. पुढे कित्येक वर्षं मला वाटत राहिलं, त्यांनी धमकी दिली असती तर किती बरं झालं असतं.

मी रिपोर्ट लिहिला. माइल्ड स्प्रेन. फिट टू प्ले. खाली सही केली आणि माझा नोंदणी क्रमांक घातला. त्या संध्याकाळी सातच्या सुमारास मालकांनी सही केली, शिक्का मारला आणि पत्र माझ्या हातात देत म्हणाले, "मुबारक हो."

घरी नवऱ्याने ते पत्र दोनदा वाचलं. मग मुलीला उचलून गोल फिरवलं. ती हसत ओरडली, "आर वी नॉट गोइंग टू पुणे?" मी म्हटलं, नाही बाळा, नाही जात आपण. आम्ही खाली जाऊन शावरमा खाल्ला.

नवव्या दिवशी सकाळी कॅप्टन माझ्या टेबलावर आली. खोलीचं दार तिने स्वतः लावून घेतलं.

"तुझा कागद मी वाचला," ती म्हणाली. "प्रशिक्षक खूश आहेत. आता मला खरं सांग. गेलाय का?"

मी टेपचा रोल हातात घेऊन उभी होते.

"गेला असेल तर मी नाही खेळणार," ती पुढे म्हणाली. "मी बाकावर बसून आरडाओरडा करेन, ते मला चांगलं येतं. पण माझी नोकरी या पायांवर आहे. घरी दुसरं कोणी नाही. खेळाची हौस आहे म्हणून मी पाय घालवू शकत नाही. मला फक्त कळायला हवं."

पत्र तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं आणि पर्स खुर्चीवर होती. सही, शिक्का सगळं झालेलं. व्हिसाचा अर्ज मात्र जायचा होता. मालकांनी एक फोन केला असता तर ते पत्र म्हणजे नुसता कागद. हे मी माझ्या बाजूने सांगते आहे. पण तिच्यासमोर उभी असताना मी असा काही विचार केलेला मला आठवत नाही. मला एवढंच वाटत होतं की हा प्रश्न हिने विचारायला नको होता.

"लचकलाय," मी म्हटलं. "घट्ट टेप केला तर खेळू शकतेस."

"शुअर?"

"शुअर."

तिने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. मग उठून, जरा लंगडत, नाश्त्याला गेली.

सामन्याच्या दिवशी मी तिचा गुडघा टेप केला. तसा टेप मी आयुष्यात दुसऱ्या कोणाला केला नाही. पाऊण तास लागला. आडवे, तिरके, एकमेकांत अडकवलेले पट्टे, कुठे सुरकुती नाही. टेप कातडीला धरतो, आतल्या हाडाला धरत नाही, हे पहिल्या वर्षाची मुलगीही सांगेल. तरी मी पट्ट्यावर पट्टा चढवत राहिले.

नवरा मुलीला घेऊन आला होता. मुलीने गालावर त्या देशाचा झेंडा स्केचपेनने काढून घेतला होता. प्रेक्षक म्हणजे हॉटेलचे चार लोक, दौरा ठरवून देणारा एजंट, आमचे मालक, आणि सुट्टी झाल्यावर कुंपणाला टेकून उभे राहिलेले गोदामांतले कामगार. त्यांना दोन्ही देश सारखेच परके होते. त्यांनी छोट्या संघाची बाजू घेतली. मोठ्या संघाच्या मुली उंच, सगळ्यांचे नवे बूट, बाकावर तीन फिजिओ.

पहिल्या अर्ध्या तासातच गोलांची रांग लागेल असं सगळ्यांना वाटत होतं. लागली नाही. कॅप्टन मैदानाच्या मधोमध उभी राहून सगळ्यांना जागेवर ठेवत होती. धावत फार नव्हती. पण चेंडू कुठे येणार हे तिला आधीच कळायचं आणि ती तिथे असायची. बेकरीतली मुलगी गोलकीपर होती, तिने दोन चेंडू असे अडवले की कुंपणावरचे लोक शिट्ट्या मारायला लागले. हाफटाइमला स्कोर शून्य-शून्य होता. प्रशिक्षकाच्या डोळ्यांत पाणी होतं. मी कॅप्टनच्या गुडघ्याला हात लावला, तर ती म्हणाली, "तुझा टेप मस्त आहे."

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपला हातच चुकला असेल. सुजेत सगळं ढिलं लागतं, मालक बरोबर बोलले असतील. मी तसं मनाशी धरून बसले. ती पंधरा-वीस मिनिटं मी अगदी आनंदात होते. मुलीबरोबर टाळ्या वाजवत होते.

मग एक साधा पास आला. तिच्या जवळपास कोणी नव्हतं. तिने चेंडू डाव्या पायाने थांबवला आणि उजव्या पायावर वळली. शरीर वळलं, पाय तिथेच राहिला. ती खाली बसल्यासारखी बसली. किंचाळली नाही. दोन्ही हातांनी गुडघा धरून त्याच्याकडे बघत राहिली.

मी बर्फाची पिशवी घेऊन धावत गेले. तिने मान वर केली. चेहरा पांढरा पडला होता. ती अगदी हळू म्हणाली, "यू सेड शुअर."

बास. स्ट्रेचरवरून नेताना, गाडीत, हॉस्पिटलात, ती माझ्याशी परत बोलली नाही. गाडीत मी तिच्या शेजारी बसून पाय धरला होता, तर तिने माझा हात उचलला आणि बाजूला ठेवला.

मागे मैदानात मोठ्या संघाने चार गोल केले.

आता एमआरआय झाला. त्याचे पैसे कोणी दिले हे मी विचारलं नाही. लिगामेंट पूर्ण तुटलं होतं, आणि त्याबरोबर गुडघ्यातल्या, हाडांच्या मधल्या दोन्ही गाद्या फाटल्या होत्या. तिथला डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला की लिगामेंट आधीच गेलेलं असावं, गाद्या आजच्या आहेत. लिगामेंट परत बसवता येतं. या गाद्या मात्र निम्म्या कापून टाकाव्या लागतील. म्हणजे ती बाकावर बसली असती तर गाद्या वाचल्या असत्या. पुढे त्याने मला विचारलं, "हिला खेळायला कोणी सोडलं?" मी म्हटलं, मी फक्त सोबत आलेय.

मालकांनी दुसऱ्या दिवशी फार काही म्हटलं नाही. "हो जाता है मॅडम. स्पोर्ट है." एजंटला मात्र त्यांनी माझ्यासमोरच फोनवर सांगितलं की असेसमेंट पूर्णपणे फिजिओथेरपिस्टचं होतं, सही तिची आहे. ते खोटं नव्हतं.

संघातल्या सगळ्या तेराव्या दिवशी गेल्या. कॅप्टन व्हीलचेअरवर. मी हॉटेलवर गेले नाही. मुलीने तिच्यासाठी एक कार्ड केलं होतं, चमकी लावून, 'गेट वेल सून' लिहून. ते मी पोचवते म्हणून घेतलं आणि क्लिनिकच्या माझ्या कपाटात कितीतरी दिवस ठेवलं. मग फेकून दिलं.

नवऱ्याचा आणि मुलीचा व्हिसा तीन आठवड्यांत झाला. आम्ही भाडं परवडेना म्हणून अजमानला राहायला गेलो. नवऱ्याला पुढच्या वर्षी नोकरी लागली, आधीपेक्षा बरीच कमी पगाराची, पण लागली. मुलीची शाळा सुटली नाही. ज्यासाठी केलं ते सगळं मिळालं. लोक म्हणतात, पापाचा पैसा टिकत नाही वगैरे. आमचं सगळं छान टिकलं.

पाच-सहा महिन्यांनी मला कॅप्टनचा ईमेल आला. क्लिनिकच्या पत्त्यावर, माझ्या नावाने. सुरुवातीला खुशालीचं काही नव्हतं. दोन ऑपरेशनं झाली. चालता येतं, पण पिशवी घेऊन चढ चढता येत नाही. पोस्टाने तिला वाटेवरून काढलं आहे, टेबलावर जागा देतील की नाही माहीत नाही. विमा कंपनी पैसे द्यायला तयार नाही, कारण त्यांचे डॉक्टर म्हणतात दुखापत सामन्याच्या आधीची आहे, आणि आधीची माहीत असून खेळलीस तर जबाबदारी तुझी. मग तिने लिहिलं होतं:

"तुझा कागद सांगतो की गुडघा ठीक होता. त्यांना तुझ्याकडून सहीनिशी आणखी एक सविस्तर पत्र हवं आहे, तू काय तपासलंस आणि तुला काय आढळलं त्याचं. माझ्या सर्जनने मला सांगितलं की तो गुडघा हातात घेतल्यावर कुठल्याही फिजिओला कळलं असतं. म्हणजे तुला कळलं होतं. तरीही लिही की ठीक होता. या वेळी माझ्यासाठी लिही."

मी तो मेल कितीदा वाचला असेल. मधल्या महिन्यांत मी मनात ठरवलं होतं की कधीतरी तिला सगळं कबूल करायचं, मालक, पत्र, व्हिसा, सगळं. आता ती सोयही राहिली नव्हती. मी खरं लिहिलं तर तिचे पैसे जाणार होते. मी पुन्हा खोटं लिहिलं. लिगामेंट तपासलं, दोन्ही बाजूंना सारखं, हाड व्यवस्थित थांबत होतं. पहिल्या वेळेपेक्षा जास्त तपशिलात लिहिलं. विमा कंपनीकडून पत्र मिळाल्याची पोच आली आणि काही आठवड्यांनी दावा मंजूर झाल्याची एक ओळ आली. मी कॅप्टनला वेगळा मेल करून माफी मागितली. एक पान लिहिलं होतं. त्याला उत्तर आलं नाही. मी परत केला नाही.

त्यांचा संघ त्या वर्षी पात्रता फेरीतून काढून घेतला गेला. काही वर्षांनी तो पुन्हा सुरू झाला. मी इंटरनेटवर फोटो पाहिले, सगळे चेहरे नवे. मी त्या क्लिनिकमध्ये आणखी चार वर्षं काढली. नंतर चार संघ काही आले नाहीत.

हे मी घरी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते दहा वर्षांनी. मुलगी कॉलेजच्या सुट्टीत घरी आली होती आणि लॅपटॉपवर कुठलातरी महिला फुटबॉलचा सामना बघत होती. म्हणाली, "आई, रिमेंबर दॅट टीम? युअर कॅप्टन? आय वॉज सो ऑब्सेस्ड विथ हर." नवरा सोफ्यावर पेपर वाचत होता. मला काय झालं माहीत नाही, मी तिथेच उभ्याने सगळं सांगून टाकलं. पत्र ड्रॉवरमधून निघालं तिथपासून.

लॅपटॉपमधून प्रेक्षकांचा आवाज येत होता. नवऱ्याने चष्मा काढला.

"तेव्हा का नाही सांगितलंस मला?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

तो प्रामाणिक माणूस आहे. त्याने खरंच विचार केला. मग म्हणाला, "काही नाही. पत्र घेऊन टायपिंग सेंटरला अर्ज भरायला गेलो असतो."

मुलगी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं ती रडेल, किंवा चिडेल, किंवा जवळ येईल. ती म्हणाली, "सो व्हॉट डू यू वाँट मी टू से? थँक यू?"

"नाही ग."

"बिकॉज इट वॉज फॉर मी, राइट? माय स्कूल. माय व्हिसा."

मी म्हटलं, "तसं नाही." पण तसंच होतं. तिने लॅपटॉप मिटला आणि आत गेली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. जेवायला ये म्हटलं की यायची, ताट धुऊन ठेवायची, जायची.

तिसऱ्या दिवशी ओट्याशी उभी राहून तिने विचारलं, "व्हॉट वॉज हर नेम? फुल नेम." मी सांगितलं. ती फोनवर टाइप करत राहिली, स्पेलिंग विचारलं, पुन्हा टाइप केलं. मी कणीक मळत होते. बऱ्याच वेळाने ती थांबली. स्क्रीनकडे बघत होती आणि अंगठ्याने फोटो मोठा करत होती.

"आय फाउंड हर," ती म्हणाली. "शी इज बिहाइंड अ काउंटर. देअर इज अ स्टिक नेक्स्ट टू द चेअर. डू यू वाँट टू सी?"

तिने फोन माझ्यासमोर धरला.

माझे हात पिठाचे होते. मी नको म्हटलं.